चार दिवसांचा धीर

माझा स्वभाव तापट, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी बाबांनी खरंच डोकं खाल्लं होतं.

त्यांच्या अकरा मधपेट्या होत्या. रोगानं नऊ गिळल्या. उरलेल्या दोनमधल्या डाव्या पेटीत राणी होती, पाठीवर पांढरा ठिपका लावलेली. उजव्या पेटीत तीन आठवडे एकही अंडं दिसलं नव्हतं. थंडी तोंडावर आलेली, आणि बिनराणीची पेटी काही हिवाळा काढत नाही. मी ती डाव्या पेटीवर चढवायचं ठरवलं, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून. माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो आणि भांडण टळतं.

"आधी डावीतली अंड्यांची चौकट उजवीत देऊन बघ," बाबा अंथरुणातून म्हणाले. सहा महिने ते उठले नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी जपलेल्या माश्यांचा वंश आता या दोन पेट्यांवर होता. "राणी नसेल तर माश्या त्यातून नवी घडवायला घेतील; नाही घेतली तर आत राणी आहे समज. चार दिवस थांब."

"अंडी नाहीत म्हणजे राणी नाही! अजून काय पुरावा हवाय तुम्हाला? मी काय काल आले या कामात?"

"नुसतं तोंड चालवू नकोस. चार दिवस."

मी तोंडदेखलं हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी कागद घातला.

आठवड्यानं पाहिलं. पेटीच्या दारात कागदाचा भुगा पडला होता आणि भुग्यात तो पांढरा ठिपका. राणी मेली होती. एकेक चौकट काढून पाहिली, तेव्हा सापडली दुसरी: बारीक, कोवळी, अजून अंड्यावर न आलेली. उजवीत ती होतीच, मला दिसली नव्हती. दोन राण्यांच्या झटापटीत तिचा एक पंख मुळापासून तुटला होता. उडणं नाही, म्हणजे नराशी गाठ नाही, म्हणजे पुढे वंश नाही. आणि नर तरी कुठे उरलेत? थंडीआधी माश्यांनीच हाकलले. राण्या विकणाऱ्याला फोन केला, तर त्यानं वसंतापर्यंत हात वर केले. माझ्या हातानं मी सगळ्याचं वाटोळं केलं. तिथंच गवतात बसून रडले, स्वतःला नाही नाही त्या शिव्या घातल्या.

घरात आले तर बाबा जागेच.

"झाल्या एक?"

"झाल्या."

"थांबली होतीस ना चार दिवस?"

"हो, बाबा."

"शहाणी गं माझी पोर." किती महिन्यांनी हसले! मग म्हणाले, "वही आण. वसंतात पेटी भरली की तिच्या दोन कर. मी काही तेव्हा असणार नाही. लिहून घे."

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटून वही आणली.

"अंड्यांच्या तीन चौकटी नव्या पेटीत. राणी जुनीतच राहू दे. नवी पेटी सावलीत ठेव..."

मी लिहीत होते. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"घाई नको," बाबा म्हणाले. "तुझं लिहून होईपर्यंत मी थांबतो."