कंट्रोलच्या तोंडचा घास

संशोधन करणाऱ्या अक्बोताच्या कंट्रोलमधल्या पेशी निळ्या निघाल्या आणि अल्माटीच्या आमच्या प्रयोगशाळेत सुतक पडलं.

रक्ताच्या कर्करोगाच्या या पेशी म्हणजे घोडे झाले तरी पोरकटपणा न सोडणारी कार्टी. मोठं व्हायचं नाव नाही, नुसती संख्या वाढवायची. त्यांना वळण लावायला अक्बोता स्टेरॉइड द्यायची. पेशीतलं एक एन्झाइम त्यात खोडा घालतं, म्हणून त्याला गप्प बसवणारं औषधही सोबत. पेशी वयात आली की रंग पिऊन निळी होते. तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोलच्या फ्लास्कला यातलं काहीच द्यायचं नसतं, त्यामुळे तो पांढराच राहायला हवा.

"कंट्रोलही निळा, मग तुझ्या औषधांनी काय दिवे लावले?" आमचे साहेब, तोलेगेन आगाय, म्हणाले. "सोमवारपासून दुसरा विषय घे."

पोरीची तीन वर्षं पाण्यात! चहालाही शिवली नाही ती.

"हात नीट धुतले होतेस ना गं?" मी वर शहाणपणा शिकवला. बावीस वर्षं पेशी सांभाळतेय मी, सगळी पोरं मला आपाय, म्हणजे ताई, म्हणतात.

"आपाय, त्या आठवड्यात मी बहिणीच्या लग्नाला गेले होते. पेशींना तुम्हीच खायला घातलंत."

"घातलंच की! सीरम संपत आलं होतं, नवं कस्टममध्ये अडकलेलं. तुझ्या औषधवाल्या फ्लास्कना पोटभर घातलं. कंट्रोलला मात्र..."

नुसतं बसून खाणाऱ्या फ्लास्कला महागाचं सीरम कशाला, म्हणून मी त्याला निम्म्याहून कमी घातलं होतं. उपाशी ठेवल्या तर या पेशी आपोआप वयात येतात, हे मीच दरवर्षी नव्या पोरांना दरडावून सांगते!

अक्बोता बघतच राहिली.

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उठले आणि आगायांच्या खोलीत जाऊन कंट्रोल कुणी उपाशी ठेवला ते सांगितलं.

"कुल्याश, तू?"

"मीच. माझा कंजूषपणा नडला. शिव्या मला घाला, विषय तिचा ठेवा."

त्यांनी घातल्याही, भरपूर. मग नवं सीरम आल्यावर सगळ्या फ्लास्कना एकाच मापाने वाढून प्रयोग पुन्हा केला. पाचव्या दिवशी अक्बोताने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. औषधवाल्या पेशी निळ्याशार. आणि कंट्रोल?

"शंभरात तीनच निळ्या, आपाय! बाकी सगळ्या कच्च्या!"

कर्करोगाच्या पेशी कच्च्या राहिल्या म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो.