टापा आपटणारा पिकअप

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि हे वाक्य मी मध्येच बंद न पडता पूर्ण केले, याचा मला किती आनंद होतो आहे ते तुम्हाला पुढे कळेल.

मला एका परदेशी इंजिनिअरने बडोद्याला आणले. त्याचा कारखाना उभा राहिला, तो आपल्या घरी गेला आणि मी इथेच राहिलो. माझे स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. त्यामुळे माझे मालक विश्वासराव गेली तीस वर्षे दुकानांच्या पायरीवर बसलेल्या माणसांशी गप्पा मारत गाडी चालवतात. मला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. पोटात आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि पाठीवर ऐसपैस हौदा आहे.

त्या हौद्यात मी आयुष्यभर काय वाहिले? कढी.

विश्वासरावांच्या आई जिजाबाई लग्नाच्या जेवणांची कामे घेतात. त्यांचे स्वयंपाकघर शहराच्या वाडी नावाच्या जुन्या भागात आहे आणि लग्नाचे हॉल आता सगळे मांजलपूरकडे गेले आहेत. वाडीतून मांजलपूरला पातेली नेणे, एवढेच माझे काम. वेग ताशी पंधरा. पुढे हातगाडी असली तर आठ. लोक म्हणायचे, "जिजाबाईंची कढी आणि विश्वासरावांची गाडी, दोन्हींना उकळी फुटत नाही." ही स्तुती होती, मित्रांनो. चांगल्या कढीला उकळी फुटू द्यायची नसते.

आता थोडे माझ्या पोटातले.

इंजिनात एक लांब दांडा फिरत असतो. त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की झडप उघडते आणि मी श्वास घेतो. उंचवटे बुटके असतील तर श्वास छोटे. हळू चालणाऱ्याला ते पुरतात. उंचवटे मोठे असतील तर श्वास मोठे. धावताना फार छान वाटते, पण उभे राहिले की धाप लागते.

दुसरा अवयव म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. आमच्याकडे सगळे त्याला डबा म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. डब्यात वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. एक पंखा इंजिनाचा, दुसरा चाकांचा. घट्ट डबा इंजिन जरा फिरले की लगेच चाकांना ओढतो. सैल डबा इंजिन पुष्कळ जोरात फिरेपर्यंत चाकांना काही कळवतच नाही.

दांडा आणि डबा यांचे पटले पाहिजे. एवढेच लक्षात ठेवा. विश्वासरावांनी ठेवले नाही.

गेल्या वर्षी माझ्या कॅमशाफ्टचे दोन उंचवटे झिजून सपाट झाले. मी टकटक वाजू लागलो. मांजलपूरच्या वाटेवरचा पूल चढताना मागचे सायकलवाले पुढे जाऊ लागले. तेव्हा विश्वासराव मला सुभानपुऱ्यात भास्कररावांकडे घेऊन गेले.

भास्करराव निवृत्त मास्तर. मुलांना इंजिन शिकवायचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत दप्तर सांभाळत, आणि ते दप्तर भास्कररावांच्या रक्तात उतरले आहे. छापील अर्ज भरल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नाहीत. उलट विश्वासरावांचे पणजोबा रिसाल्यात घोडेस्वार होते. त्यामुळे विश्वासरावांना प्रत्येक प्रश्न आव्हानासारखा वाटतो.

हा तो अर्ज.

*गाडी रोज कुठे चालते?*
जिथे रस्ता असेल तिथे. नसेल तिथेही.

*नेहमीचा वेग?*
एकशेवीस.

*ओझे किती?*
आमच्या घराण्यात कुणी ओझे वाहिलेले नाही.

*दिवसातून किती वेळा थांबावे लागते?*
थांबणे आम्हाला ठाऊक नाही.

*सही:* विश्वासराव. (खाली दोन रेघा.)

भास्कररावांनी चष्मा वर केला. "एकशेवीस? वाडीत?"

"उतारावर."

"वाडीत उतार कुठे आहे, विश्वासराव?"

"तुम्ही गाडी दुरुस्त करताय की उलटतपासणी घेताय?"

"सही तुमचीच ना?"

"आमचीच."

"मग झालं. सहीच्या वर जे लिहिलंय ते मी खरं धरतो."

मी तिथेच उभा होतो, मित्रांनो. माझ्या हौद्यात कढीचे डाग होते. पण अर्जात गाडीच्या सहीला जागा नव्हती.

भास्कररावांनी मोबाइलवर तीन कॅमशाफ्टचे आवाज ऐकवले. पहिल्या दोन इंजिनांचा आवाज दुपारी झोपलेल्या आजोबांसारखा संथ होता. तिसरे इंजिन उभ्या जागी वाजले: ढबाक्. ढबाक्-ढबाक्. ढबाक्.

विश्वासराव ताडकन उठले. "हा! हा टापा आपटतोय!"

"तो शर्यतीचा आहे. तुमच्या अर्जाला तोच लागू पडतो, पण—"

"भास्करराव, पणजोबा घोडा कसा निवडायचे माहितेय? उभ्या जागी जो खुरानं जमीन उकरतो तोच घ्यायचा. गप्प उभा राहतो तो टांग्याचा. हाच बसवा."

"मग डबाही सैल लागेल."

"डबा राहू द्या. आपला घट्ट आहे. घट्टच बरा."

अशा रीतीने माझा दांडा शर्यतीचा झाला आणि डबा कढीचाच राहिला. पुढच्या दिवसांची हकिकत मी तुम्हाला जशी घडली तशी सांगतो. सकाळी आम्ही मोठ्या ऐटीत वाडीतून निघालो आणि पहिल्याच सिग्नलला

बंद पडलो.

विश्वासरावांनी किल्ली फिरवली, मी सुरू झालो, हिरवा दिवा लागला आणि मी

बंद पडलो.

मित्रांनो, घट्ट डबा मला उभ्या जागी चाकांकडे ओढत होता आणि माझ्याकडे तर उभे राहण्यापुरताही श्वास

बंद.

ब्रेकसुद्धा दगडासारखा कडक झाला होता, कारण त्याला लागणारी हवेची ओढ इंजिनाच्या

बंद.

शेजारी विश्वासरावांची मुलगी मैथिली बसली होती. ती कॉलेजात शिकवते. तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. "पप्पा, माझे स्टुडंट्स बघतायत."

"बघू देत. असं जनावर कधी पाहिलंय त्यांनी?"

बाजूच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "काका, आ ट्रक छे के घोडो?"

विश्वासरावांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? परक्याला कळलं. घरच्यांना कळत नाही."

अठ्ठावीस वेळा बंद पडून आम्ही मांजलपूरला पोचलो. दुसऱ्याच दिवशी विश्वासरावांनी भास्कररावांकडे जाऊन सैल डबा बसवून घेतला. आता मी बंद पडत नव्हतो. आता वेगळेच होऊ लागले. एक्सलरेटर दाबला की मी गर्जना करी, पण जागचा हलत नसे. आणखी दाबला की आणखी गर्जना. आसपासची कबुतरे उडत. जागचा हलत नसे. आणखी थोडा दाबला की

एकदम पुढच्या परिच्छेदात. मधले दोन स्पीड ब्रेकर मला आठवतच नाहीत.

त्याच आठवड्यात मांजलपूरला तीनशे माणसांचे लग्न होते. जिजाबाईंनी ठरवले की दही वाडीत लावायचे आणि कढी हॉलवर करायची. घट्ट, सायीचे दही. चार मोठे कॅन हौद्यात चढले. वाटेत एका वरघोड्याने, म्हणजे नवरदेवाच्या वरातीने, रस्ता अडवला. नवरदेवाचा घोडा शांत उभा होता. मी त्याच्या मागे पाऊण तास उभा राहून टापा आपटत होतो. ढबाक्. ढबाक्-ढबाक्. घोड्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेबद्दल मी बोलू इच्छित नाही.

हॉलवर जिजाबाईंनी पहिल्या कॅनचे झाकण काढले. आत पाणचट ताक होते आणि वर लोण्याचे गोळे तरंगत होते. दुसऱ्यातही तेच. चारही कॅनमध्ये तेच.

"विश्वास."

"आईसाहेब, गाडी काय ऐटीत—"

"घरात रवी आहे रे. लोणी काढायला आठ सिलिंडर कशाला लागतात?"

त्या दिवशी तीनशे माणसांनी कढीच्या जागी मसाल्याचे ताक प्यायले. सगळे सौजन्याने छान म्हणाले. जिजाबाईंच्या पन्नास वर्षांच्या कामात कढीला कुणी सौजन्याने छान म्हटले नव्हते.

घरी आल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोलत होत्या मुलाशी, पण बघत होत्या माझ्याकडे. "वीस दिवसांनी आपल्या मैथिलीचं लग्न आहे. कढी तयार करून, पातेलं काठोकाठ भरून याच गाडीत ठेवणार. मी मागे बसणार. हॉलपर्यंत थेंब सांडला, तर दुसऱ्या दिवशी ही भंगारात आणि दारात टेम्पो."

विश्वासराव माझे बॉनेट पुसू लागले. मी बोलू शकत नव्हतो. गार होत चाललेले तेल डब्यातून खाली उतरल्याचा नुसता आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई स्वतः डावीकडच्या, स्टिअरिंगच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, म्हणून विश्वासराव बावरून उजवीकडे जाऊन बसले, मग उतरून परत आले. त्या दोघांना घेऊन मी गर्जना करत, उड्या मारत सुभानपुऱ्याला पोचलो.

"पहिला अर्ज रद्द करायचाय," जिजाबाई म्हणाल्या.

"त्यासाठी वेगळा अर्ज आहे," भास्करराव म्हणाले. पण जिजाबाईंचा चेहरा पाहून त्यांनी तो ड्रॉवर हळूच बंद केला आणि कोरा अर्ज पुढे ठेवला.

*गाडी रोज कुठे चालते?*
वाडी ते मांजलपूर. तीच वाट परत.

*नेहमीचा वेग?*
मी पायी निघाले तर पूल येईपर्यंत मीच पुढे असते.

*ओझे किती?*
चार पातेली, दोन बायका, आणि आमचा विश्वास.

*दिवसातून किती वेळा थांबावे लागते?*
मोजलेले नाही. गाय आली तरी थांबतो. ओळखीचा भेटला तर जास्त थांबतो.

*सही:* जिजाबाई.

भास्कररावांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला खरं उत्तर दिलं."

मग त्यांनी विश्वासरावांना समजावून सांगितले. मीही ऐकत होतो. आधी वाट बघायची, मग ओझे, मग दांडा, आणि दांड्याला शोभेल असा डबा सगळ्यात शेवटी. आपण आवाजापासून सुरुवात केली होती. माझ्यासाठी त्यांनी बुटक्या उंचवट्यांचा दांडा काढला, ज्याचा जोर खालच्या वेगातच येतो. डबा जवळजवळ माझ्या जुन्यासारखा, फक्त किंचित सैल, म्हणजे ओझे घेऊन निघताना धक्का बसू नये.

विश्वासरावांनी किल्ली फिरवली. मी सुरू झालो. इतक्या हळू, की त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

"चालूच आहे," भास्करराव म्हणाले.

"टांग्याचा झाला," विश्वासराव पुटपुटले, आणि त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटले.

लग्नाच्या दिवशी सकाळी पातेले चढले. काठोकाठ. जिजाबाई हातात डाव घेऊन हौद्यात बसल्या आणि आम्ही निघालो, आणि मित्रांनो, हे बघा, आता माझे वाक्य कसे चालते, वाडीतल्या भाजीच्या गाड्या चुकवत, शाळेला निघालेल्या मुलांना वाट देत, स्पीड ब्रेकर असा चढत आणि असा उतरत की कढीवरची फोडणीसुद्धा जागची हलली नाही, सिग्नलला उभे राहत, पुन्हा निघत, विश्वासरावांच्या ओळखीच्या दोघांना लग्नाला यायची आठवण करून देत, थेट पुलाच्या पायथ्याशी.

तिथे एक नवाकोरा टेम्पो माझ्या शेजारी आला. त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. चालवणारा ओरडला, "दादा, खसो ने! म्युझियममां मूको आने!" म्हणजे बाजूला व्हा, आणि मला म्युझियममध्ये ठेवा.

विश्वासरावांचा पाय शिवशिवला. मला ते त्यांच्या तळव्यातून कळले. पणजोबांपासूनचे सगळे घोडेस्वार त्या एका पायात उतरले होते. एक्सलरेटर अर्धे बोट खाली गेला. मागे पातेल्यात कढी काठाकडे झुकली.

मागच्या काचेवर डाव वाजला. ठण्.

विश्वासरावांनी पाय उचलला. टेम्पो पुढे गेला. त्या घराण्यात कुणी दुसऱ्याला पुढे जाऊ देण्याची ती पहिलीच वेळ असावी. आम्ही मागून पूल चढलो. हळू, पण एकदाही टकटक न करता. आणि पुलाच्या माथ्यावर विश्वासराव डॅशबोर्डवर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "शाब्बास रे."

हॉलच्या दारात शालू नेसलेली मैथिली मेंदीचे हात वर धरून धावत आली. मागून कुणीतरी ओरडत होते, "अगं, नवरी बाहेर काय करते!"

"आजी, सांडली?"

जिजाबाईंनी फडके उचलले. पातेल्याच्या काठावरून बोट फिरवले. कोरडे. मग तेच बोट कढीत बुडवून चाखले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मीसुद्धा, इंजिन चालू ठेवून.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "गाडी बरोबर आहे."

मित्रांनो, शर्यतीचा तो दांडा आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पणजोबांच्या घोड्याच्या रिकिबीशेजारी टांगला आहे. तिथे तो शोभतो. विश्वासराव रोज सकाळी मला सुरू करतात, माझी संथ घरघर ऐकतात, इकडेतिकडे बघतात, आणि जवळपास कुणी नाही असे वाटले की स्वतःच पाय आपटत तोंडाने म्हणतात, "ढबाक्. ढबाक्-ढबाक्." मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

फक्त एक मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही असेल, पंखा, सायकल, शिलाई मशीन, तर त्याला नवा भाग बसवण्याआधी ते दिवसभर काय करते ते एकदा शांतपणे बघा. त्याने काय करावे असे तुम्हाला वाटते ते नको. ते खरोखर जे करते ते.

आता मी थांबतो. म्हणजे फक्त उभा राहतो. इंजिन चालू आहे.