काचेबाहेर

वेंडल प्रुइटनं हातातली मोटारीची सीट अर्धवट सोडली, शेजारच्याला "जरा सांभाळ रे" म्हणाला आणि लाइनीच्या कडेकडेनं जवळजवळ धावतच सुपरवायझरच्या केबिनकडे निघाला. साठीतल्या गुडघ्यांना हे धावणं मुळीच पसंत नव्हतं. पण लाइनीवरच्या कोरीनला आत बोलावलंय हे त्याला आत्ता कळलं होतं, आणि युनियनचा प्रतिनिधी म्हणून तो तिथं वेळेत पोचला नाही तर मग तो हवा कशाला?

मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. टेबलापलीकडे सुपरवायझर हॉलिस. अलीकडे कोरीन, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. वेंडलला पाहून हॉलिस उठला, बाहेर आला आणि दार पाठीमागे ओढून घेतलं.

"काल लाइन चालू असताना ही बाई निघून गेली," तो म्हणाला. "आपणहून गेली असेल तर काम सोडलं असंच धरणार."

"शाळेतून फोन आला होता. पोरगी जिन्यावरून पडली."

"ते तिला सांगू दे. तिनं तुला बोलावलंय?"

"विचार तिला."

"मी कशाला विचारू बाबा? तोंड आहे तिला."

दार बंद झालं. नियमच तसा होता. कामगारानं स्वतः 'माझा प्रतिनिधी बोलवा' म्हटलं, की साहेबाला प्रश्न थांबवावे लागत. नाही म्हटलं, तर प्रतिनिधीनं बाहेर उभं राहायचं. वेंडलनं काचेवर टकटक केली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग दाराकडे दाखवलं. कोरीननं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची सरकवली आणि त्याच्याकडे पाठ केली.

वेंडल दोन पावलं इकडे गेला, दोन पावलं तिकडे. 'टीम लीडरला सांगून गेले होते,' एवढंच तिनं म्हणायचं होतं. आत हॉलिसनं काहीतरी विचारलं आणि कोरीननं मान डोलावली. एकदा, मग पुन्हा एकदा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कामाचे हातमोजे नव्हते; कामावरून काढून हॉलिसनं ते ठेवून घेतले होते.

"मला बोलवायचं होतंस ना गं!"

"कशाला?"

"टीम लीडरला सांगून गेली होतीस की नाही?"

"सांगितलं होतं. तो हो म्हणाला. आता म्हणतो, आठवत नाही."

"मग हे आत बोललीस का?"

"त्यांनी विचारलं, स्वतःच्या मर्जीनं गेलीस का. मर्जीनंच गेले की. पोरगी माझीच आहे. आणि युनियनला बोलावलं की साहेब समजतात, हिनं नक्की काहीतरी केलंय. सगळे तेच सांगतात."

"पण मी तुझ्या बाजूनं होतो!"

"कधी? आम्हा नव्यांचा पगार तुम्हा जुन्यांहून कमी ठरला, तेव्हा युनियनच्या मतदानात हात कुणी वर केला होता? वर्गणी मात्र दोघांची सारखीच कापतात."

वेंडलनं हात वर केला होता. कारखाना टिकावा म्हणून केला होता, असं तो घरी बायकोला अजून सांगे. इथं ते सांगायची त्याला लाज वाटली.

"मी तक्रार दाखल करतो," तो म्हणाला.

"निकाल किती दिवसांत लागतो?"

वर्ष सहज जाई.

"मला काम सोमवारी हवंय, मिस्टर प्रुइट."

"टीम लीडर हो म्हणाला ते कुणी ऐकलं? एवढं सांग. साक्षीदार असेल तर मी आजच हॉलिसला गाठतो."

"माझ्या शेजारची. लूपे. अगदी खेटून उभी होती."

लूपेची जागा वेंडलच्या रोजच्या वाटेवर होती. चाळिशीतली, बुटकी, वेगानं शिवण तपासणारी बाई. ती नेहमी मान खाली घालून काम करताना दिसे, आणि हिला बोलायची आवड नसावी अशी त्यानं स्वतःची समजूत करून घेतली होती. आता तो समोर थांबताच तिनं हातातलं काम झटकन खाली ठेवलं आणि ताठ उभी राहिली.

"माझं काही चुकलं का, सर?"

"नाही, नाही. काल कोरीननं टीम लीडरला विचारलं, तेव्हा तू ऐकलंस ना?"

"मी काही ऐकलं नाही, सर. मी काम करत होते."

"अगं, घाबरू नकोस. मी साहेब नाही. मी युनियनचा. तुझा प्रतिनिधी."

तिनं त्याच्या कोऱ्या करकरीत टोपीकडे पाहिलं, कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग केबिनकडे. काचेआडून हॉलिस पाहत होता, आणि त्यानं वेंडलला ओळखीचा हात केला. सवयीनं वेंडलचाही हात वर गेला.

"मी खरंच काही ऐकलं नाही, सर," लूपे म्हणाली, आणि तिनं पुढची सीट ओढून घेतली.