डाव्या गुडघ्यावरचा बाण

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा एक इवलासा गोळा आहे. तो नाचायला लागला की माझा आवाज मैदानाच्या पार पलीकडे जातो. कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही कितीतरी बहिणी निघालो, पण माझ्यासारखं धमाल आयुष्य फार थोड्या जणींना मिळालं असेल! मला विकत घेतलं एका शाळेच्या खेळाच्या बाईंनी. त्यांना सगळे 'कप्तान' म्हणत, अगदी मुख्याध्यापकसुद्धा.

किती वर्षं मी त्यांच्या गळ्यात मिरवले! माझ्या एका हाकेसरशी अख्खी शाळा रांगेत उभी राहायची. नवी मुलं मला टरकून असत, जुनी माझी नक्कल करत.

एकदा लांब उडी शिकवताना कप्तानचा डावा गुडघा असा मुरगळला, की काही केल्या बरा होईना. शेवटी गुडघ्यात दुर्बीण घालून ऑपरेशन करायचं ठरलं. आत नेताना परिचारिकेने मला कप्तानच्या गळ्यातून काढलं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या हातात दिलं. तिने मला आपल्या गळ्यात घातलं.

भूल उतरली. कप्तानने पांघरूण सारलं आणि त्या ओरडल्याच, "अगं, हा उजवा पाय का बांधलाय?"

मोठे डॉक्टर आले. शांतपणे म्हणाले, "उजव्यातही झीज होती. आधी तो केला. तुम्हाला सांगितलं होतं, भुलीमुळे आठवत नसेल."

त्या वाक्याने कप्तानला दुखण्यापेक्षा जास्त पोखरलं. घरी आल्यावर त्या सारख्या बहिणीला विचारायच्या, "खरंच सांगितलं असेल का गं? मलाच आठवत नाहीये का?" दोन्ही पाय अधू, वर स्वतःवरचा विश्वासही डळमळलेला. मी खुंटीवर लटकून मुकाट ऐकत राही.

चौथ्या दिवशी बहिणीचा संयम सुटला. "ताई, ऊठ! वकिलाकडे जायचंय." तिने मला पुन्हा कप्तानच्या गळ्यात अडकवलं. "ही घातलीस की तू जरा तुझ्यासारखी दिसतेस."

पहिले वकील भले गृहस्थ होते, पण हात जोडून म्हणाले, "त्याच डॉक्टरांनी माझ्या वडिलांना चालतं केलंय. मला नाही जमणार. राग मानू नका."

दुसऱ्या वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! कप्तान चाकाच्या खुर्चीत खालीच अडकल्या. बहिणीने फोन केला, तशा वकीलबाई चहाचा कप हातात घेऊनच खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर फतकल मारून बसल्या. "बोला. इथेच ऑफिस समजा."

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मी खोटं बोलत नाहीये, एवढं कुणीतरी म्हणावं," कप्तान पुटपुटल्या.

"दुखरा गुडघा बघू?"

कप्तानने डाव्या पायावरचा कपडा वर केला. गुडघ्यावर पक्क्या शाईचा एक ठसठशीत काळा बाण होता! बहीण म्हणाली, "तो होय? ऑपरेशनच्या सकाळी तिथल्याच डॉक्टरांनी काढला. आज गरम पाण्याने घासणारच होते."

वकीलबाई ताडकन उठल्या. चहा अर्धा पायरीवर, अर्धा साडीवर! "पाणी लावू नका! हातसुद्धा लावू नका! अहो, ऑपरेशन कोणत्या पायाचं, हे त्यांनीच तुमच्या अंगावर लिहून ठेवलंय!"

मग काय विचारता! खुर्ची गाडीत कोंबली आणि निघालो दुसऱ्या इस्पितळात. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासले, बाणाचे फोटो काढले, उजवा गुडघा धडधाकट होता असंही जुन्या एक्स-रेंवरून सांगितलं. कप्तानच्या छातीची धडधड मला लागत होती, माझ्या पोटातला गोळा थडथड उडत होता.

दावा दाखल झाला, पण निकाल लगेच लागला नाही. तारखा पडत गेल्या. शेवटी एका सुनावणीत वकीलबाईंनी बाणाचा फोटो पुढे केला. "डॉक्टरसाहेब, हा बाण कुणाचा?"

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. मग वकिलांकडे नाही, थेट कप्तानकडे बघून म्हणाले, "माझ्याच सांगण्यावरून काढलेला. चादर चुकीच्या पायावरून बाजूला केली गेली आणि मी खात्री केली नाही. चूक माझी. नंतर जे बोललो, तेही खोटं होतं."

कप्तान ढसाढसा रडल्या. मी चिंब भिजले. नुकसानभरपाई मिळाली, डाव्या पायाचं ऑपरेशन त्यांना हव्या त्या इस्पितळात करायचं ठरलं.

त्या ऑपरेशनच्या दिवशी मी पुन्हा बहिणीच्या गळ्यात, दाराबाहेर. एवढ्यात आतून कप्तानचा मैदानी आवाज घुमला, "भूल देण्याआधी सगळ्यांनी सांगा, कोणता पाय?"

"डावा!" आतले सगळे एका सुरात ओरडले. बहीण हसता हसता बाकावरून घसरली.

मित्रांनो, आता माझा आवाज थोडा घोगरा झालाय. आत धूळ बसते. मला अधूनमधून झटकून पुसून ठेवत जा. आणि तुमच्या माणसाला इस्पितळात न्याल तेव्हा जे कळलं नाही ते विचारा, आणि तो काही सांगू लागला तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. कप्तानवर त्यांच्या बहिणीने ठेवला होता, बाण दिसायच्या आधीच.