केझायाचं मत

आमच्या न्यू जर्सीत तेव्हा बायकांनाही मत होतं, पण स्वतःच्या नावावर मालमत्ता असेल तरच. लग्न झालं की सगळं नवऱ्याचं, मग मतही गेलं. मी लवकर लग्न करून बसले होते, मला कुणी विचारलंच नाही. माझी थोरली बहीण केझाया विधवा होती, म्हणून मतदार.

१८०४ च्या ऑक्टोबरात ती योस्टशी लग्न करणार होती. योस्ट होडीतून सफरचंदं न्यूयॉर्कला न्यायचा. सगळं ठरलेलं असताना बाईसाहेबांनी तारीख पुढे ढकलली. नोव्हेंबरात अध्यक्षाची निवडणूक होती.

"एवढं मत टाकू दे. मग आयुष्यभर तुझीच."

योस्ट हसला. "म्हणजे माझ्याआधी जेफरसनचा नंबर. नशीब माझं, तो व्हर्जिनियात राहतो."

"चेष्टा नको रे. त्या एका दिवशी मला गावात माणूस म्हणून मोजतात."

"मोजू देत की. तोवर मी आणखी एक खेप मारतो. घरी बसून तुझ्या बहिणीची बोलणी कोण खाणार?"

मी बोलणी खायला घालायचेच. "हातातोंडाशी आलेलं सुख ताटकळत ठेवू नकोस," मी तिला तोंडावर म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

लग्नासाठी शिवलेला निळा झगा घालून ती खानावळीत गेली, मतदान तिथंच असायचं, आणि पेटीत मताची चिठ्ठी टाकून आली. जेफरसन जिंकला, आमचं अख्खं राज्य त्याच्या बाजूनं गेलं. गाव सफरचंदाची सायडर पीत नाचत होतं तेव्हा बातमी आली की खाडीत वादळानं योस्टची होडी उलटली. तो सापडलाच नाही. लग्न वेळेवर झालं असतं तर तो त्या दिवशी घरात असता. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पुन्हा लग्नाचं नाव तिनं काढलं नाही. "मत तरी आहे माझं," एवढंच म्हणायची.

तीन वर्षांनी राजधानीत, ट्रेंटनच्या विधिमंडळात बसलेल्या पुरुषांनी मताचा कायदा बदलला. मी तिला सांगितलं, पण तिला ते खरंच वाटेना. पुढच्या निवडणुकीला ती चिठ्ठी घेऊन गेलीच. मीही मागोमाग गेले.

पेटीपाशी बसलेला कारकून ओळखीचा होता. तो हळूच म्हणाला, "केझायाबाई, आता फक्त गोऱ्या पुरुषांना मत आहे. घरी जा."

ती हलली नाही. खालच्या आवाजात तिनं त्यालाच विचारलं, "मग योस्टला मी कशासाठी थांबवलं होतं?"

मागच्या माणसानं तिच्या खांद्यावरून हात पुढे करून आपली चिठ्ठी पेटीत टाकली.