बाहेरचा माणूस

दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका खोलीत दोन घोडे, एक सव्वीस वर्षांचा आणि एक सत्तावीसचा, खिडकीला चादर लावून भुताला भीत बसले होते. कूलर घरघरत होता. तरी दोघांना घाम फुटला होता.

भूत टीव्हीत होतं. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून यशदीप आणि विहंग त्याला नुसतं ‘तळघर’ म्हणायचे. दोघांनी मिळून खेळायचा खेळ. बंद पडलेल्या इस्पितळाखाली सात मजले खोल तळघर, प्रत्येक मजल्यावर पांढरं धुकं, आणि त्या धुक्यात फिरणारी एक बाई. तिला डोळे नाहीत, कान मात्र भलते तिखट. धुक्यात जरा जास्त वेळ राहिलं की आपला माणूस गुडघ्यांवर बसतो, मग आडवा होतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात चाळीस सेकंदांचा आकडा उलटा धावू लागतो. तेवढ्यात जोडीदाराने काही केलं तर ठीक, नाहीतर मजला पुन्हा पहिल्यापासून.

करण्यासारखं दोनच प्रकारचं होतं. एक तर धुक्यात शिरून पडलेल्याला ओढून आणायचं. नाहीतर दाराबाहेर उभं राहून पंख्याचं मोठं चाक फिरवत राहायचं, म्हणजे धुकं हळूहळू ओसरतं आणि पडलेला उठतो. उठेलच याची खात्री नाही. सहाव्या मजल्यावर धुकं इतकं दाट, की आत शिरणारा दुसराही पडायचाच. तीन आठवडे हे दोघे तिथेच अडकले होते, कारण यशदीप त्या चाकाला हात लावायला तयार नव्हता. विहंग पडला की हा आत उडी घेणार, दोन पावलांत स्वतः आडवा होणार, बाई येणार, खेळ खल्लास.

सुरुवातीला विहंगला याचं हसू यायचं. परवाच्या मंगळवारपासून ते हसू पार आटलं होतं.

दोघेही सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या, कारखान्यात मेंटेनन्सला होते, एकाच शिफ्टला. शटडाऊन लागला, भट्टी बंद ठेवली, की तिच्यामागच्या चेंबरमध्ये उतरून आत घट्ट बसलेली राख फोडायची. वर माणूस शिरेल एवढंच गोल भोक. एकजण शिडीने आत, एकजण भोकाशी बाहेर. मीटर लावून हवा तपासतात, पण राख फोडताना तिच्यामागे कोंडलेला गॅस कधी सुटेल याचा नेम नसतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसतो आणि झोपतो. आतल्याच्या कमरेला दोरी असते, पण बेशुद्ध माणूस एकट्याला ओढून निघत नाही. म्हणून बाहेरच्याने मिनिटामिनिटाला हाक मारायची, आणि उत्तर आलं नाही की शिट्टी फुंकायची, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेली टोळी धावत येते. बाहेरच्याने आत जायचं नाही. काही झालं तरी नाही, कारण मग एकाच्या जागी दोन मुडदे काढावे लागतात.

मंगळवारी याचाच सराव होता. आत माणसाऐवजी वाळूचं पोतं, शिट्टी यशदीपच्या गळ्यात. “आतला पडला!” अशी हाक आली आणि या पठ्ठ्याने शिट्टी भिरकावून दिली आणि थेट भोकात. मिनिटाभराने पोतं खांद्यावर घेऊन वर आला, राखेने माखलेला, दात काढत. लोकांनी टाळ्या पिटल्या. सुपरवायझर पियुष ओरडत होता, “मर गया तू! पोतं भी मर गया!” पण त्याचं कोण ऐकतो? विहंगने मात्र टाळी वाजवली नाही. शुक्रवारच्या यादीत आत उतरणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि बाहेरचा माणूस म्हणून यशदीपचं.

आज गुरुवार, सुट्टी. यादी बदलायची तर पाचपर्यंत पियुषला फोन करायचा होता. फोन खिशात होता, पण विहंगचं धाडस होत नव्हतं. सांगणार काय? माझा मित्र माझ्यासाठी जीव देईल, म्हणून मला तो नको?

यशदीप असा का होता, हे विहंगला पुरतं ठाऊक होतं. कारण समोरच दाराशी बसून लाल भाजी निवडत होतं. कलावतीबाई, यशदीपची आई. बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान हिरालाल दुसऱ्या एका कारखान्याच्या टाकीत उतरले, ते परत आले नाहीत. बाहेर दयाराम होता, याच गल्लीतला, तीन घरं सोडून राहणारा. तो आत गेला नाही. शिट्टी फुंकत उभा राहिला. “माणूस आत मरून राहिला होता अन् हा बाहेर शिट्टी वाजवून राहिला होता,” हे वाक्य कलावतीबाईंनी लेकाला भाताबरोबर भरवलं होतं. बारा वर्षं दयारामच्या घरचं पाणी त्यांनी तोंडाला लावलं नव्हतं. विहंगने एकदा, मंगळवारीच, गाडीवरून येताना विषय काढला होता. यशदीपने भर रस्त्यात गाडी थांबवली. “तू पडला अन् मी शिट्टी वाजवू? माह्या बापासाठी वाजवली तशी?”

“हळू चाल बे,” यशदीप आता पुटपुटला. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात त्याचा माणूस, उजव्यात विहंगचा. दारापलीकडे धुकं. कुठेतरी ओले पाय वाजत होते, थप, थप. यशदीप चाकाकडे वळतो का ते पाहायला विहंगने मुद्दाम आत पाऊल टाकलं, मुद्दाम तिथेच उभा राहिला, आणि त्याचा माणूस आडवा झाला. चाळीस. एकोणचाळीस.

“आलो!”

“नोको येऊ! चाक फिरव, चाक!”

पण यशदीप केव्हाच आत शिरला होता. दोन पावलं, गुडघे, आडवा. दोघे शेजारी शेजारी पडलेले, दोन आकडे उलटे धावताहेत, आणि बाहेर ते चाक बिनमाणसाचं. बाईने घाई केली नाही. घाई करायची तिला गरजच नव्हती. विहंगला पडद्यावर उद्याची सकाळ दिसली.

“एक बार और,” यशदीप म्हणाला. “अबकी बार पक्का पोचतो मी.”

आणखी चारदा खेळले. चारही वेळा तेच झालं. सव्वाचार वाजले. मग विहंगने हातातला रिमोट खाली ठेवला.

“यश, उद्या मी आत आहो.”

“मालूम है. टेंशन मत ले. मी आहो ना.”

“त्याचंच भेव लागून राहिलं मले.”

यशदीप हसणार होता, पण विहंगचा चेहरा पाहून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

“तू आत आला का बाहेर कोणीच नाही राहत बे,” विहंग म्हणाला. “मी पडलेला, तू पडलेला. शिट्टी कोण वाजवन? लोकाईले चहाच्या टायमाले समजन.”

“मंग काय करू? दयारामसारखा उभा राहू?”

“हव. उभा राय. मी पडलो त मले शिट्टी ऐकू आली पायजे. तुह्या बुटाचा आवाज नाही पायजे मले.”

दाराशी कलावतीबाईंचा हात भाजीवर थांबला. यशदीपने रिमोट उचलला. “चल, लाव.”

विहंग पुन्हा धुक्यात पडला. चाळीस. यशदीपचा माणूस दारापर्यंत धावला आणि उंबऱ्यावर अडखळून थांबला. मागे फिरला. चाकाला हात घातला. चाक करकरलं.

“अरे, पोट्टा पडला ना तिकडं!” कलावतीबाई उठून जवळ आल्या होत्या. “जा ना आत! पाहून काय राहिला?”

यशदीप हलला नाही. चाक फिरवायला नुसतं एक बटण दाबून धरायचं होतं, आणि त्याचा अंगठा पांढरा पडला होता. वीस. एकोणीस. विहंगच्या बाजूचा पडदा काळवंडत चालला. टीव्हीतून ओले पाय जवळ येत होते, आणि त्यांच्या पलीकडे, लांबून, त्या चाकाची करकर येत होती. एवढ्या भीतीतही त्या करकरीने विहंगला धीर आला. सात. सहा. धुकं गुडघ्याइतकं खाली आलं होतं. थोडक्यात वाचणार, असं वाटलं तोच बाई पोचली. शून्य.

विहंगचा अर्धा पडदा काळा झाला. डाव्या अर्ध्यात यशदीपचा माणूस तसाच उभा, चाक फिरवतच होता. यशदीपने बटण सोडलं नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याने हात काढला नाही.

कलावतीबाई मुलाच्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

“तो दयाराम,” त्या म्हणाल्या, “असाच उभा असन का रे?”

त्या दाराशी जाऊन बसल्या, पण भाजीला हात लावला नाही.

पाचला दहा मिनिटं होती. विहंगने फोन काढला, पियुषचं नाव समोर आणलं आणि पाहत बसला. टीव्हीपुढे थांबला तो भोकाशी थांबेल, याची हमी कोणी द्यायची? एवढी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. तरी बटण न सोडणारा तो अंगठा आठवून त्याने फोन परत खिशात ठेवला.

शुक्रवारी सकाळी दहाला तो शिडी उतरला. डोक्यावरचा दिवा राखेत जेमतेम हातभर पोचत होता. वर भोकातून उजेडाचा एक गोल तुकडा खाली पडला होता. “विहंग!” हाक आली की “हव!” म्हणायचं आणि पहार मारायची. अकरा हाका झाल्या. बाराव्या हाकेआधी राखेचा एक मोठा थर सुटून पडला, आणि विहंगचे कान गुणगुणायला लागले. डोकं जड झालं. शिडीकडे जायचं ठरवलं, तर पायांनी ऐकलं नाही. तो गुडघ्यांवर बसला.

“विहंग!”

त्याने तोंड उघडलं. आवाज निघेना.

“विहंग! अबे बोल ना!”

आणि उजेड गेला. भोक काळं झालं. यशदीपचं डोकं, एक खांदा, मग पहिल्या पायरीवर एक बूट. तो आवाज विहंगने ऐकला, लोखंडावर बुटाचा, आणि मरणाची भीती म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. नोको येऊ, नोको येऊ, तो म्हणत होता, पण ते त्याच्या डोक्यातल्या डोक्यातच राहिलं. बूट तिथेच होता. किती वेळ, कोणास ठाऊक.

मग बूट वर गेला. उजेड परत आला, पूर्ण गोल. आणि शिट्टी वाजली.

लांब, कर्कश, न थांबणारी. विहंग राखेत आडवा झाला तरी ती वाजत होती. डोळे मिटले तरी वाजत होती.

शुद्धीवर आला तेव्हा तो उघड्यावर होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, भोवती पायच पाय. शिट्टी अजून वाजत होती. यशदीप भोकाशेजारी, नेमल्या जागी, दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. पियुष त्याच्या कानाशी ओरडत होता, “निकल गया वो! बस कर!” शेवटी टोळीतल्या दोघांनी धरून ती शिट्टी त्याच्या दातांतून सोडवली. तिच्यावर रक्त होतं.

तो विहंगजवळ येऊन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. “मी नाही आलो बे आत,” तो म्हणत राहिला. “तू पडला होता अन् मी नाही आलो.”

विहंगने मास्क बाजूला केला. बोलायला बरेच कष्ट पडले.

“हव,” तो म्हणाला. “ऐकू आली मले.”