अर्ध्याची सवय

सत्यभामाने गाडी उलटी करून मांडीवर घेतली आणि रिमोटची दांडी अंगठ्याने पुढे ढकलली. मागची दोन चाकं हवेत गरगरू लागली. बाहेर नुकतं उजाडत होतं. धान्याच्या कोठीमागे, दारातून कुणाला दिसणार नाही अशा बेताने, ती पदराखाली गाडी धरून बसली होती. पन्नाशीची बाई लेकराचं खेळणं घेऊन चोरून खेळते आहे असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला दोष देता आला नसता. पण तिला बॅटरी उतरवायची होती, आणि तीही नवरा उठायच्या आत.

चाकांचा आवाज बारीक आणि एकसुरी होता. डोळे मिटले की तो लांबून, कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांखालून आल्यासारखा वाटे. मग त्या आवाजामागून कापूसही येई. हंगामात दिग्रसच्या या गल्लीत कापसाचा तूस उडायचा, दोरीवरच्या कपड्यांवर बसायचा, वरणातसुद्धा सापडायचा. तिचा नवरा बळीराम कारखान्यातली पाळी संपवून यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. आधी ती हसायची, मग पदराने पुसायची. कोठीमागे बसल्या बसल्या तिला कधी कधी खरंच वाटे, की आता दार वाजेल आणि पांढऱ्या भुवयांचा माणूस आत येईल. तेवढ्यात चाकं मंदावत, थरथरत आणि थांबत. आवाज गेला की कापूसही जाई.

बळीराम त्या जिनिंगमध्ये वायरमन होता. कापसाला कुणी विचारीनासं झालं, आणि एका हंगामात भोंगा वाजलाच नाही. पहिलं वर्ष तो रोज फाटकापर्यंत जाऊन यायचा. मग मालकाने यंत्रं भंगारात काढली, आणि ज्या मोटारींना त्याने पोटच्या पोरासारखं जपलं होतं त्या ट्रकवर चढताना बघून तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. आजारी म्हणावं तर ताप नाही, रुसला म्हणावं तर भांडण नाही. जेवायला हाक मारली की जेवायचा, आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. सत्यभामाने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी तीही गप्प झाली. नवरा घरात असून घर रिकामं, हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

त्याला उठवलं ते शेजारच्या नसरीनच्या अलफियाने. तिच्या साजिदमामाने नागपूरहून आणलेली लाल गाडी चालत नव्हती. पोरगी सरळ आत आली आणि गाडी त्याच्या उशाशी ठेवून म्हणाली,

"काका, हे मेली."

मेली म्हटल्यावर वायरमनला राहवेना. तो उठून बसला, स्क्रू काढले, बॅटरीतला एक सेल खराब निघाला तो बदलला. गाडी चालली. अलफियाला त्याने समोर बसवून सांगितलं,

"आता ध्यान देऊन आयक. अर्धी उतरली की लगेच चार्जिंगले नाही लावाची. तिले अर्ध्याचीच सवय लागते, मंग ते पूरी भरतच नाही. सारी उतरू द्याची, गार होऊ द्याची, मंगच लावाची."

"तुमीच लावा ना, काका. अम्मी म्हणते, चार्जर गरम होते, घर जळन."

तेव्हापासून गाडी मुक्कामाला बळीरामकडेच असे. अलफिया शाळेतून आली की घेऊन जायची आणि अंधार पडायच्या आत आणून द्यायची.

बॅटरी उतरलेली असली की बळीराम उठायचा. गेलेली वीज, म्हणजे लाइन, यायची वाट बघत कानशीने बॅटरीची टोकं घासायचा, चाकांत अडकलेले केस आणि दोरे सुईने ओढून काढायचा. चार्जिंग होईस्तोवर दाढी व्हायची. संध्याकाळी तो अलफियाबरोबर जिनिंगच्या मोकळ्या अंगणात जायचा. जिथे कापसाच्या डोंगराएवढ्या गंज्या लागत, त्या फरशीवरून लाल गाडी धावे, आणि तो लांब उभा राहून हाताने वळणं दाखवी. सत्यभामा पाणी भरायच्या निमित्ताने ते बघून घ्यायची.

पण अलफियाला अभ्यासही असायचा. पुष्कळदा गाडी अर्धीच उतरून परत यायची. अशा सकाळी बळीराम पडल्या पडल्या बटण दाबून बघे.

"जान आहे अजून तिच्यात. आज नाही लावत."

आणि भिंतीकडे वळे. नियम म्हणजे नियम. आपल्याच नियमाने माणूस असा आडवा पडलेला बघून सत्यभामाने मनाशी काय ते ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोठीमागे जाऊन बसली.

हिवाळ्यात मारेगावहून निरोप आला. लेकीचं, दीपाचं दुसरं बाळंतपण सासरीच होतं, आणि आईला जाणं भाग होतं. डाळतांदूळ, वाती, बाळंतविडा, सगळ्याची व्यवस्था झाली. अडलं ते एकाच गोष्टीवर, गाडी कोण उतरवणार? अलफियाला सांगावं तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सत्यभामाने नसरीनला दोन वेळच्या जेवणाचं सांगितलं आणि बाकीचं पोटात ठेवून एसटीत बसली.

दीपाला मुलगी झाली. बाळ गोड होतं, पण आजीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिला ती भिंत दिसायची, आणि तिच्याकडे तोंड केलेली पाठ. नाव ठेवेपर्यंत राहा असं सगळे म्हणत असताना ती निघाली.

"माय, बाबांले काही झालं काय?" दीपाने विचारलं.

"काही नाही वं. घर उघडं टाकून आली."

यवतमाळला एसटी बदलली. खिडकीबाहेर वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी मैलोन् मैल उभी होती, आणि उन्हात सगळं रान झोपेत असल्यासारखं दिसत होतं. तिचाही डोळा लागला. स्वप्नात ती घराचं दार वाजवत होती आणि कुणी उघडत नव्हतं.

प्रत्यक्षात दार नुसतं लोटलेलं होतं. दुपार टळत आली होती. अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं, घरात कुणी दिसेना. पिशवी खाली ठेवता ठेवता तिच्या कानांवर तो बारीक, एकसुरी आवाज आला.

कोठीमागे बळीराम बसला होता. गाडी उलटी करून मांडीवर घेतलेली, आणि अंगठा रिमोटच्या दांडीवर. ती समोर उभी राहिली तरी त्याने अंगठा काढला नाही.

"अवो, काय करून राह्यले?"

"तू नव्हती ना घरी. मंग उतरवते कोण?"

सत्यभामा त्याच्यासमोर खाली बसली. चाकं मंदावली, थरथरली आणि थांबली. त्याने बॅटरी काढली आणि तिच्या गालाला लावली. बॅटरी उन्हात ठेवलेल्या दगडासारखी ऊन होती.

"रातभर निजलेली बॅटरी सकाळी इतली गरम कशी राहीन वं? वायरमन होतो मी."

"पह्यल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग बोलले काहून नाही?"

तो बॅटरी हातात फिरवत राहिला.

"बोललो असतो तं तू बंद केलं असतं."

"अन्?"

"अन् मी उठलो नसतो."

ती रडली. त्याने रडू दिलं. मग बॅटरी गार व्हायला खिडकीत ठेवून, तिने आणलेला डिंकाचा लाडू खाता खाता नातीची चौकशी केली. नाक कोणावर गेलं, डोळे उघडते का, दीपा बरी आहे का. इतकं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"उद्यापासून तूच उतरव," हात झटकत तो म्हणाला. "माहा अंगठा दुखते."

"अन् तुमी?"

"मी निजून राहीन. भिताडाकडे तोंड करून."

दुसऱ्या दिवशी उजाडताना सत्यभामा गाडी घेऊन कोठीमागे गेली आणि दांडी पुढे ढकलली. चाकं फिरू लागली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून मोठमोठ्याने घोरणं ऐकू आलं. तिने पदर तोंडाशी धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण बळीराम कधी घोरला नव्हता.